कांद्यात नसलेला वायू

लासलगावच्या बाजार आवारात हंगामात शेकडो ट्रॅक्टर-ट्रॉल्या कांद्याने भरून उभ्या असतात. व्यापारी कांदा हातात घेऊन दाबून पाहतात, लिलाव पुकारला जातो, हमाल दिवसभर त्याच ढिगांत वावरतात. तिथे कोणाच्या डोळ्यांना धार लागलेली दिसत नाही. (भाव कोसळला की गोष्ट वेगळी.) इकडे घरात पोह्यांसाठी एकच कांदा चिरायला घ्या, दोन-चार काप होईतो डोळे चुरचुरायला लागतात. टनावारी कांद्याला जमत नाही ते एका कांद्याला जमतं, कारण आपल्याला रडवणारा पदार्थ अख्ख्या कांद्यात नसतोच. आपण सुरी फिरवली की तो तिथल्या तिथे, डोळ्यांदेखत तयार होतो.

मुलांनी विचारलं की आपण सांगून मोकळे होतो, ‘कांद्यात गंधक असतं, म्हणून डोळे झोंबतात.’ हे खोटं नाही, पण याने फारसं काही कळतही नाही. गंधक अंड्यात आहे, कोबीत आहे, मोहरीत आहे. लसणात तर भरपूर आहे. पण लसूण सोलून, ठेचून खलबत्ता भरला तरी डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत नाही. मग कांद्याचंच असं काय आहे? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही बरीच दशकं पुरला, आणि त्याची सगळ्यात ताजी बातमी ऑक्टोबर २०२५ मधली आहे.

सुरुवात शाळेच्या प्रयोगशाळेतून करू. कांद्याच्या पाकळीचा आतला पातळ पापुद्रा चिमट्याने ओढून काढायचा, काचपट्टीवर पसरायचा, आयोडीनचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, हा प्रयोग महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या बहुतेकांनी केलेला असतो किंवा निदान वहीत त्याची आकृती काढलेली असते. विटांच्या भिंतीसारख्या दिसणाऱ्या त्या पेशींमध्ये मधली बरीचशी जागा एका मोठ्या रिक्तिकेने व्यापलेली असते आणि पेशीद्रव्य कडेला सरकलेलं असतं. आकृतीला नावं देऊन आपण पुढच्या धड्याकडे वळलो. पण कांद्याच्या रडवण्याचं अर्धं गुपित त्याच आकृतीत होतं. रिक्तिकेत ॲलिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, साठवलेलं असतं. पेशीद्रव्यात आयसोॲलिन नावाचं गंधकयुक्त संयुग असतं. कांद्याचं रोप मातीतून सल्फेट शोषून घेतं आणि त्यातलं गंधक या संयुगात साठवून ठेवतं. दोघांच्या मधे एक पातळ पटल. ते शाबूत आहे तोवर काही घडत नाही.

पानाच्या डब्यात चुना आणि कात वेगवेगळ्या डब्यांत असतात. दोन्हींपैकी कशातही तो लालभडक रंग नसतो, दोन्ही तोंडात एकत्र आले की उमटतो. कांद्याचंही तसंच. सुरीने पेशी फुटतात, रिक्तिकेतलं विकर बाहेर येऊन आयसोॲलिनला भिडतं आणि त्याचे तुकडे पाडतं. एक तुकडा पायरुव्हिक आम्लाचा, एक अमोनियाचा, आणि तिसरा सल्फेनिक आम्ल नावाचा फारच अस्थिर तुकडा. हा तिसरा क्षणभरही स्वस्थ बसत नाही. त्याच्यापासूनच तो वायू तयार होतो. त्याचं नाव ‘सिन-प्रोपेनथायल-एस-ऑक्साइड’. नाव लक्षात ठेवायची गरज नाही, आपण नुसतं ‘वायू’ म्हणू.

कांद्याच्या बाजूने पाहिलं तर ही व्यवस्था फार काटकसरीची आहे. जमिनीतला गड्डा हा रोपाचा पुढच्या हंगामासाठीचा साठा. किडा-उंदीर त्याला दात लावेल तेव्हाच झोंबणारा पदार्थ बनवायचा, एरवी कच्चा माल नुसता वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायचा. माणसाने हाच गुण चवीचा मानून हजारो वर्षं कांदा लावला, हे कांद्याच्या हिशेबात नव्हतं.

या वायूचा माग काढणाऱ्यांत एक मोठं नाव फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन यांचं. जनावरांचा चारा टिकवण्याच्या पद्धतीसाठी त्यांना १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. पुढे त्यांनी कांद्याकडे मोर्चा वळवला आणि १९६० च्या सुमाराला त्यांच्या प्रयोगशाळेने कांद्यातलं ते मूळ गंधकयुक्त संयुग वेगळं काढलं. रडवणारा पदार्थ म्हणजे सल्फेनिक आम्लच असावं, असा त्यांचा कयास होता. तो थोडक्यात चुकला. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी वायूची ओळख पटवली. त्यानंतर तीस वर्षं पुस्तकांतून असं छापलं जात राहिलं की विकर सल्फेनिक आम्ल बनवतं आणि त्या आम्लाचा वायू मग आपोआप होतो. गोष्ट नीट जुळत होती, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

शंका आली ती जपानमध्ये, आणि तीही एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत. हाउस फूड्स ही जपानी घरांमध्ये ‘करी’च्या तयार मसाल्यासाठी प्रसिद्ध असलेली कंपनी. करी म्हटलं की कांदा आणि लसूण आलेच. तिथल्या शिनसुके इमाई आणि सहकाऱ्यांनी एक साधी अदलाबदल करून पाहिली. कांद्यातलं आयसोॲलिन घेतलं आणि त्यावर लसणातलं ॲलिनेज सोडलं. पुस्तकाप्रमाणे वायू व्हायला हवा होता, कारण तुकडे पाडण्याचं काम दोन्ही ॲलिनेज सारखंच करतात. पण वायू झाला नाही. कांद्याच्या अर्कातलं, पूर्ण शुद्ध न केलेलं ॲलिनेज वापरलं की मात्र होत होता. म्हणजे कांद्याच्या अर्कात ॲलिनेजखेरीज आणखी कोणीतरी होतं आणि लसणात ते नव्हतं.

ते दुसरं विकर त्यांनी शोधून काढलं, त्याचा जनुकही शोधला आणि २००२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छोटासा निबंध लिहिला. या विकराचं नाव लॅक्रिमेटरी फॅक्टर सिंथेज, म्हणजे सरळ भाषेत अश्रुकारक पदार्थ बनवणारं विकर. आपोआप काही होत नव्हतं. एका खास विकराचं ते काम होतं, तीस वर्षं कोणाच्या नजरेत न आलेलं. लसूण का रडवत नाही याचं उत्तरही यात मिळालं. लसणात गंधक आहे, ॲलिनेजही आहे, पण हा दुसरा कारागीर नाही. तिथलं सल्फेनिक आम्ल दुसऱ्या वाटेने जातं आणि त्यातून लसणाचा तो उग्र वास देणारं ॲलिसिन बनतं.

या शोधाला २०१३ मध्ये इग नोबेल पुरस्कार मिळाला. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हा पुरस्कार देतात. कांद्याने रडवण्याची प्रक्रिया शास्त्रज्ञांना वाटत होती त्याहूनही गुंतागुंतीची आहे हे शोधल्याबद्दल, असं काहीसं त्या मानपत्रात म्हटलं होतं. यात थट्टा आहे, पण मला विचाराल तर यापेक्षा नेमकं वर्णन मिळणं कठीण. घरगुती प्रश्नांचं असंच असतं. उत्तर माहीत आहे अशी सगळ्यांची खात्री असते, म्हणून पुन्हा तपासायला कोणी जात नाही.

आता डोळ्याकडे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, हा शरीरातला अत्यंत हळवा भाग. त्वचेच्या कित्येक पट दाट मज्जातंतूंची टोकं तिथे असतात. वायू तिथल्या ओलाव्यात विरघळला की ही टोकं मेंदूकडे धोक्याचा निरोप पाठवतात आणि मेंदू अश्रुग्रंथीला पाणी सोडण्याचा हुकूम देतो. डोळा धुऊन काढायची ही सोय. अनेक पुस्तकांत डोळ्यात गंधकाम्ल तयार होतं असं भीतिदायक वर्णन असतं. वायू पाण्यात मिसळल्यावर थोडीफार आम्लं होतात हे खरं, पण कांदा चिरून कोणाचा डोळा भाजल्याचं ऐकिवात नाही. पाणी येतं, चुरचुरतं, थोड्या वेळाने थांबतं.

हे अश्रू दुःखाच्या अश्रूंपेक्षा वेगळे असतात का? अमेरिकेतल्या विल्यम फ्राय यांनी १९८१ मध्ये हेच तपासलं. काही लोकांना भावुक करणारा चित्रपट दाखवला, काहींच्या डोळ्यांसमोर कांदा धरला, आणि दोन्हींचे अश्रू गोळा केले. भावनेच्या अश्रूंमध्ये प्रथिनांचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे कांदा चिरायचं निमित्त करून रडणाऱ्या सुनेचं बिंग प्रयोगशाळेत फुटू शकतं, निदान तत्त्वतः.

इथवरचं सगळं रसायनशास्त्र. पण वायू तयार होतो हे कळलं तरी तो चिरण्याच्या फळीवरून दीड-दोन फूट वर असलेल्या डोळ्यापर्यंत जातो कसा, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नव्हता. वायू आहे, उडतो, पोचतो, असं धरून चाललं होतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात सुंगह्वान जुंग यांची प्रयोगशाळा अशाच दैनंदिन गोष्टींमधलं भौतिकशास्त्र पाहते. त्यांच्या गटाने एक छोटं गिलोटिन बनवलं, म्हणजे वरून खाली पडणारं पातं. कांद्याचे तुकडे त्याखाली ठेवले, पात्याची धार आणि वेग बदलत गेले, आणि अतिवेगवान कॅमेऱ्याने प्रत्येक काप टिपला. पाकळी कुठे किती दबते हे दिसावं म्हणून कांद्यावर काळा रंगही फवारला. हा अभ्यास ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

कॅमेऱ्यात जे दिसलं ते सावकाश पाहण्यासारखं आहे. कांद्याच्या प्रत्येक पाकळीला वरून आणि खालून एकेक चिवट पापुद्रा असतो (तोच, काचपट्टीवरचा) आणि मधे रसाळ गर. पातं वरच्या पापुद्र्याला टेकतं तेव्हा तो लगेच फाटत नाही. आधी दबतो, खाली वाकतो. त्याच्या खालचा रस दाबला जातो आणि त्याला जायला जागा नसते. मग पापुद्रा फाटतो आणि त्या फटीतून रसाचे बारीक तुषार सुटतात. त्यांचा वेग सेकंदाला १ मीटरपासून ४० मीटरपर्यंत मोजला गेला. सेकंदाला ४० मीटर म्हणजे ताशी १४४ किलोमीटर, वेगवान गोलंदाजाच्या चेंडूइतका. तुषार पात्याच्याही वेगाने पुढे जात होते, कारण त्यांना पात्याच्या धक्क्यापेक्षा आतल्या दाबाची उसळी मिळत होती. या पहिल्या फवाऱ्यामागून रसाचे दोऱ्यासारखे धागे निघतात, हवेत ताणले जातात आणि तुटून त्यांचे आणखी थेंब होतात. ते मात्र सावकाश उडतात.

पातं बोथट असेल तर पापुद्रा फाटण्याआधी जास्त दबतो, आत जास्त दाब साठतो आणि फाटताना थेंब जास्त संख्येने आणि जास्त जोराने उडतात. काप वेगाने घेतला तरी थेंब वाढतात. धारदार पातं पापुद्रा चटकन कापून जातं, दाब साठायला वेळच मिळत नाही. सुरीला धार लावून घ्या म्हणजे कांदा झोंबणार नाही, हे जाणती माणसं आधीपासून सांगत आलीच आहेत. त्यामागचं कारण आता कॅमेऱ्यात दिसलं.

ही बातमी बहुतेक ठिकाणी ‘बोथट सुरी रडवते’ अशा मथळ्याने आली. मथळा चुकीचा नाही, पण एक पायरी पुढचा आहे. प्रयोगात थेंब मोजले होते, किती अश्रू आले हे मोजलं नव्हतं. थेंब जास्त म्हणजे हवेत रस जास्त, म्हणजे वायू जास्त, म्हणजे डोळ्यात पाणी जास्त, ही साखळी अगदी पटण्यासारखी आहे, तरी तिच्या शेवटच्या कड्या अनुमानाच्या आहेत. विज्ञानाची बातमी वाचताना ‘मोजलं काय?’ एवढं विचारलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

कांदा फ्रिजमध्ये ठेवून चिरण्याचा सल्लाच घ्या ना. रसायनशास्त्र सांगतं की थंडीत विकरं मंदावतात, वायूही कमी उडतो, म्हणजे फायदा व्हायला हवा. कॉर्नेलच्या गटाने थंड केलेले कांदेही कापून पाहिले, तर थेंब काही कमी झाले नाहीत. ‘फ्रिजचा उपाय खोटा ठरला’ असं यावरून लिहिलं गेलं. पण थेंबांची संख्या आणि थेंबांमध्ये होणारी रासायनिक क्रिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थंड कांद्याचे थेंब तेवढेच उडत असतील आणि त्यांत वायू कमी होत असेल, असंही शक्य आहे. या प्रयोगाने त्याचा निकाल लावलेला नाही.

याच अभ्यासात एक मुद्दा स्वयंपाकघरातल्या स्वच्छतेचाही मांडला आहे. भाजीवर किंवा फळीवर जंतू असतील तर तेही या थेंबांबरोबर उडू शकतात. चिरण्याआधी कांदा आणि फळी धुण्याला हे एक जास्तीचं कारण.

माझी एक तक्रार आहे. हा सारा प्रयोग वरून येणाऱ्या पात्याचा. आपल्याकडे कित्येक घरांत अजून विळीवर चिरतात. तिथे पातं स्थिर, कांदाच हाताने पात्यावर ढकलायचा, आणि चिरणारी बाई विळीच्या पाटावर पाय ठेवून बरोबर त्यावर वाकलेली. तोंड पात्याच्या थेट वर. दाबाचं भौतिकशास्त्र तेच राहील, पण थेंब कोणत्या दिशेला जास्त जातील, हे कोणीतरी मराठी महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेत पाहायला हरकत नाही. चांगला कॅमेरा लागेल, बाकी सामान घरात आहे.

उपायांचं काय? तोंडात काडेपेटीची काडी धरणं, पावाचा तुकडा धरणं, कापलेला अर्धा कांदा डोक्यावर ठेवणं, यांना वर सांगितलेल्या कोणत्याही पायरीत जागा सापडत नाही. वायू हवेतून थेट डोळ्यावर येतो, तोंडातली काडी त्याला अडवणार कशी? सोललेला कांदा अर्धा करून थोडा वेळ पाण्यात ठेवण्यात मात्र तथ्य आहे. कापलेल्या भागावरचा रस धुतला जातो, वायूही पाण्यात विरघळतो. सोबत थोडी चवही जाते, हे कोशिंबिरीला चालतं, भेळेला चालत नाही. शिजवलेल्या कांद्याने डोळ्यांत पाणी येत नाही, कारण उष्णतेने विकरं निकामी होतात. म्हणूनच रस्सा करताना कांदा परतला की तिखटपणा जाऊन त्यातली साखर पुढे येते. आणि बुक्कीने फोडलेला कांदा भाकरीबरोबर जास्त झणझणीत लागतो, कारण फटक्याने एकदम असंख्य पेशी चिरडल्या जातात.

न रडवणारा कांदाच का बनवू नये? बनवलाय. न्यूझीलंडमध्ये कॉलिन ईडी यांच्या गटाने २००८ मध्ये दुसऱ्या विकराचा जनुक निष्क्रिय करून असा कांदा तयार केला, पण जनुकबदलाच्या वादामुळे तो बाजारात पोचला नाही. हाउस फूड्सने मग किरणांचा मारा करून बदललेल्या झाडांमधून ॲलिनेज अगदी कमी असलेला कांदा निवडला, तो जपानमध्ये ‘स्माइल बॉल’ या नावाने विकला जातो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातला विडालिया कांदा गोड असतो तो तिथल्या मातीत गंधक कमी असल्यामुळे.

आणि फार लांब जायलाही नको. भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा गोडसर असतो आणि डोळ्यांना फारसा त्रास देत नाही. भात निघाल्यावर कार्ले, खंडाळे या भागातले शेतकरी तो लावतात आणि उन्हाळ्यात त्याच्या वेण्या विकायला येतात. मानांकनाच्या कागदपत्रांत त्याच्या वैशिष्ट्यांमध्ये पायरुव्हिक आम्ल कमी असल्याची नोंद आहे. हे तेच आम्ल, आयसोॲलिनच्या तुकड्यांपैकी एक. ते स्वतः डोळ्यांना झोंबत नाही, पण प्रत्येक तुटलेल्या रेणूमागे ते एक तयार होतं, म्हणून जगभर कांद्याचा तिखटपणा त्यावरूनच मोजतात.

मग सगळ्यांनी गोड कांदाच का लावू नये? कारण तिखट कांद्यात सहसा पाणी कमी आणि घन भाग जास्त असतो, तो टिकतो. आपला उन्हाळी कांदा एप्रिलपासून कांदाचाळीत पडून पावसाळा काढतो, तो याच जोरावर. झोंबणं आणि टिकणं ही जोडी सहजासहजी फोडता येत नाही. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने ‘भीमा’ मालिकेतले वाण काढले, त्यातही साठवणुकीत कांदा किती टिकतो हा मोठा निकष असतो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतलं पाणी शेतकऱ्याला परवडतं, चाळीत सडलेला कांदा परवडत नाही.

तेव्हा निदान रब्बीचा कांदा घरात आहे तोवर सुरीला किंवा विळीला धार लावून घ्या, घाई न करता सावकाश चिरा आणि तोंड थोडं मागे ठेवा. काडेपेटी गॅसजवळच राहू द्या.